वेशीवरचा उघड्या

ज्या वेशीपुढे एका सबंध सैन्याने अख्खा उन्हाळा काढला, ती वेस मी रिव्हर्स गिअरमध्ये पाडली.

सबंध वेस नव्हे, खोटं कशाला बोलू? मूळची कमान सातशे वर्षांपूर्वी शत्रूनेच पाडली होती. तिच्या जागी पुरातत्त्व खात्याने जुन्याच दगडांचे दोन खांब उभारून मध्ये लोखंडी दार बसवलं होतं. त्यातला डावा खांब माझ्या वाट्याला आला. गाडी वळवताना मी मागे बघत होतो, हे शपथेवर सांगतो. फक्त बघत होतो आरशात, आणि आरसा माझ्या भांगाकडे वळलेला होता. आधी ‘खट्’ झालं. मग जरा वेळ काहीच झालं नाही. मग दगड एकेक करून माझ्या डिकीवर उतरायला लागले. शेवटी दार आलं. ते मात्र एकदम आलं.

मी गाडीतून उतरलो नाही, मला उतरवण्यात आलं. कॉलरला धरून. उतरवणारा माणूस साठीचा, चिपाडासारखा वाळलेला. खाकी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली आणि डाव्या भुवईतून वर कपाळात गेलेला एक जुना व्रण. त्याने मला सरळ उभं केलं. माझा चष्मा अलगद काढून हातात घेतला. मला वाटलं, सभ्य माणूस दिसतोय. मग त्याने अशी एक थोबाडीत ठेवून दिली की ते ओसाड शहर माझ्या डोळ्यांपुढे दिव्याबत्तीसकट पुन्हा वसलं.

“अहो, आधी विचारायचं तरी, कोण आहे, काय आहे!” शेजारच्या पत्र्याच्या खोलीतून एक बाई ओरडल्या.

“विचारून मारलं की लागत नाही,” तो म्हणाला, आणि चष्मा माझ्या हातात परत दिला.

ही आमची ओळख. ते त्या पडक्या शहराचे पहारेकरी. मी त्यांना काका म्हणायला लागलो तो लगेचच. गाल गरम असताना माणसाला नाती चटकन जोडता येतात.

काही लोकांना थंड हवेच्या ठिकाणी जायचा शौक असतो, मला ओस पडलेल्या शहरांचा आहे. वाळूने गिळलेली, झाडांनी मुळांच्या विळख्यात धरलेली, नदीने कूस बदलल्यामुळे तहानेने मेलेली, कितीतरी देशांतली अशी शहरं मी पाहून आलो. तिथे गर्दी नसते आणि रस्ता विचारला तर कुणी चुकीचा सांगत नाही. पण या शहरात मी मुक्कामाला राहिलो, कारण गाडीचं मागचं चाक पोटात गेलं होतं. दुरुस्तीवाला येऊन गाडी ओढून घेऊन गेला. मी त्याच्या शेजारी चढायला लागलो तर काकांनी पुन्हा कॉलर धरली.

“गाडी गेली, तुम्ही नाही. खांब उभा राहिला की जा.”

“पण काका, हे काम खात्याचं...”

“खातं पावसाळ्यानंतर येतं. कुठल्या पावसाळ्यानंतर ते सांगत नाही. घमेलं उचला.”

खोली एवढीशी. विटांच्या भिंती, वर पत्रा, एका कोपऱ्यात स्टोव्ह, दुसऱ्यात पाण्याचं पिंप, आणि एकच खिडकी, जी चौकटीत फुगून अडकली होती. दाराशेजारच्या खिळ्यावर एकच किल्ली. खिळ्याखालची भिंत हात लागून लागून काळी झालेली. मला बाहेरची लोखंडी खाट मिळाली. काका त्या पडलेल्या दाराशेजारी चटई टाकून झोपायचे. काकू म्हणाल्या, “जाऊ द्या. आजारी माणसाजवळ कुणीतरी लागतंच.”

मला आधी या सगळ्याचं हसूच आलं. त्या शहराचा कोट चारही अंगांनी ढासळलेला होता. मेंढ्या कुठूनही आत जायच्या, कुठूनही बाहेर पडायच्या. अशा शहराच्या दाराला हा माणूस इतकी वर्षं रोज संध्याकाळी कुलूप लावून, कुलूप ओढून पाहून, मग जेवायला बसायचा. मी म्हटलं, “काका, हे म्हणजे धोतर फाटलेलं आणि नाडीला गाठ पक्की.”

“धोतराला नाडी नसते,” काका म्हणाले. “आणि मेंढीच्या पाठीवरून दगड जात नाहीत. दगडाला ट्रक लागतो. ट्रकला रस्ता हाच एक. बाकी सगळीकडे ढिगारे.”

म्हणजे मी नेमकं काय पाडून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

आम्ही कामाला लागलो. काका ओळंबा धरायचे, दगड बसवायचे, थापीने चुना सारखा करायचे. मी घमेली वाहायचो, आणि दर घमेल्यागणिक ते मला शहर सांगायचे. पण त्यात राजाराणी काही नव्हतं.

“आता तुम्ही उभे आहात ना, तिथे पहिले भट्टीवाले पडले. भट्टीवाला पहाटे उठतो, म्हणून पहिला मेला. पुढचा तो चौथरा दिसतो? तिथे विणकर होते. त्यांनी मागावरचे दांडके उपसले, ते त्यांच्याच डोक्यात घातले गेले. खात्याकडून उकरायला आलेल्या बाईंना कवट्या सापडल्या. एकाही कवटीला मागची बाजू नव्हती. सगळे पळत होते.”

मी घमेलं खाली ठेवलं.

“थांबू नका, चुना सुकतो,” ते म्हणाले. “बायका पोरं घेऊन मोठ्या हौदात लपल्या. वरून जळतं तेल ओतलं. हौदाच्या कडा अजून काळ्या आहेत, पावसाने जात नाहीत. उरलेली माणसं विहिरींत टाकली. काही मेलेली, काही नुसती जखमी. वरून दगड. एकूण एक विहीर. म्हणून मागाहून इथे कुणी राहायला आलं नाही. छपराशिवाय माणूस राहतो, पाण्याशिवाय नाही राहत.”

सगळं असं, गेल्या आठवड्यात घडल्यासारखं. मी विचारलं, “पण वेस इतकी भक्कम, सैन्य आत आलं कसं?”

काकांनी एक दगड उचलला, फिरवून पाहिला, पुन्हा खाली ठेवला.

“दार उघडलं म्हणतात. आतून. वेशीवरच्या पहारेकऱ्याने.”

“कोण होता तो?”

“आमचा.”

“तुमचा म्हणजे?”

“आमच्या घराण्याचा मूळपुरुष. असं गाव म्हणतं.”

गाव म्हणजे टेकडीखालचं गाव. त्या कत्तलीतून निसटलेल्या मूठभर लोकांची ही प्रजा, असा त्यांचा समज. गावाला शेजाऱ्याची कुऱ्हाड काल आणली होती हे आज आठवत नाही, पण सातशे वर्षांपूर्वी दार कुणी उघडलं हे तोंडपाठ आहे. त्या घराण्याला नावच पडलं ‘उघड्या’. काकांचा आजा उघड्या, बाप उघड्या आणि काका तर पाळण्यातच उघड्या. पोरांचा एक खेळ असायचा. सगळे मिळून सैन्य आणि काका एकटे शहर. सैन्याने ओरडायचं, “दार उघड!” आणि दगड मारायचे. खेळातलं बाकी सगळं खोटं होतं, दगड तेवढे खरे. भुवईतला व्रण त्या खेळातला.

“आणि तुम्ही काय करायचात?”

“उभा राहायचो. शहर पळत नाही.”

बापाची गोष्ट याहून वाईट. एकदा पाटाचं दार रात्रीतून उघडं राहिलं आणि गावाची उभी पिकं पाण्याखाली गेली. सकाळी गाव काठ्या घेऊन थेट यांच्या घरी. चौकशीची गरजच नव्हती. दार उघडं राहिलं म्हणजे ते आणखी कोण उघडणार? बापाला अंगणात ओढून घातलं. काकांनी ते खिडकीतून पाहिलं. एकाने बापाचे पाय धरले आणि दुसऱ्याने गुडघ्यावर दगड आपटला, अक्रोड फोडतात तसा. आईने मध्ये हात घातला, तर तिचं मनगट गेलं. दोन दिवसांनी कळलं की पाटाच्या दाराची बिजागरी गंजून तुटली होती. गाव म्हणालं, “असं होय!” आणि पांगलं. गुडघा मात्र जन्मभर तसाच वाकडा राहिला.

अशा माणसाने खरं तर मुलूख सोडून जायचं. हे उलट वर टेकडीवर आले. खात्याला पहारेकरी हवा होता आणि मेलेल्या शहरात राहायला गावातलं कुणी तयार नव्हतं. साहेबाने विचारलं, “पहाऱ्याचा काही अनुभव?” काका म्हणाले, “आमच्या घराण्यावर याच दाराचा आळ आहे.” साहेब परगावचा होता. त्याला वाटलं, ‘आळ’ म्हणजे काहीतरी वंशपरंपरागत हक्क असेल. त्याने नेमणूक करून टाकली.

उकरायला आलेल्या बाई मोठ्या जिद्दीच्या होत्या. त्यांनी वेशीशेजारचा कोट पायापर्यंत खणला आणि खाली भुयार सापडलं. बाहेरून आत आलेलं, जळक्या लाकडांनी भरलेलं. त्यांनी गावात सभाच घेतली. “दार कुणी उघडलंच नाही! शत्रूने खालून सुरुंग लावून कोट पाडला!” गावाने शांतपणे ऐकून घेतलं. मग मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, “अस्सं. म्हणजे भुयार खणायलाही ह्यांचाच माणूस होता.”

हे सांगताना काकू हसून हसून खोकल्या. मी त्यांना विचारलं, “काकू, तुम्हाला लग्नाआधी ठाऊक होतं हे?”

“कुठलं हो! मी लांबच्या गावची. वरातीवर दगड पडले तेव्हा मला वाटलं, इथली पद्धत असेल. मग कळलं. मी म्हटलं, उघडलं असेल तर असेल. पण ह्यांच्याने नसेल. घरातली ती खिडकी बघा. लग्न झाल्यापासून सांगतेय, ह्यांच्याने ती उघडत नाही.”

काकूंच्या धाकट्या भावाला मात्र हे विनोदाचं वाटत नसे. बहीण ‘उघड्या’च्या घरात पडली हा त्याला कायमचा डाग. तरी त्याचा स्वतःचा धंदा डागाळलेलाच होता. त्याच्याकडे क्रेनचा ट्रक होता, आणि जुने कोरीव खांब, पाटे, हौदाची तोंडं कुठून कुठून उचलून तो श्रीमंतांच्या बागांत नेऊन उभी करायचा. त्याचा डोळा होता वाड्याच्या पायऱ्यांवरच्या दगडी सिंहावर. मीही त्या सिंहाच्या प्रेमात पडलो होतो. नाक झिजलेलं, कान उडालेला, पण बसणं असं, की घरमालकच उंबऱ्यात बसलाय. काका म्हणायचे, “त्या दिवशी जागा न सोडलेला हा एकटाच.”

मेव्हणा आला तेव्हा आम्ही खांब कमरेपर्यंत आणला होता. तो वेशीच्या उघड्या भगदाडात उभा राहिला आणि त्याने शीळ घातली.

“काय दाजी, दार हवा खायला काढलं?”

“पाहुण्यांनी पाडलं,” काका म्हणाले.

मेव्हण्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हा मला मिठी मारणार.

“दाजी, इतकी वर्षं किल्ली मागतोय, दिली नाहीत. आता किल्लीही नको. उद्या बाजाराचा दिवस, टेकडीवर चिटपाखरू नसतं. मी गाडी आणतो, सिंह उचलतो, जातो. तुम्ही ताईला घेऊन बाजारात जा. कुणी विचारलं तर सांगा, दार पाहुण्यांनी पाडलं होतं. खोटं आहे का? तुमच्यावर केसाएवढा बोल येणार नाही.”

गंमत अशी की त्याचं म्हणणं बिनतोड होतं. मी मनातल्या मनात होकारही देऊन टाकला.

“गाडी आणू नकोस,” काका म्हणाले.

“का?”

“बंद आहे.”

मेव्हण्याने त्या भगदाडाकडे पाहिलं. त्यातून त्याच वेळी दोन मेंढ्या रमतगमत आत चालल्या होत्या. “काय बंद आहे?”

“शहर.”

मी पोलिसांना फोन केला. पलीकडचा आवाज झोपेतला होता. “चोरी झाली का?” म्हटलं, “होणार आहे.” तो म्हणाला, “मग झाली की कळवा.”

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर काकांनी माझी खाट उचलली आणि नेऊन दाराच्या जागी आडवी टाकली. धड असलेल्या उजव्या खांबाला साखळी, साखळी खाटेतून आरपार, तिला तेच जुनं कुलूप. कुलूप ओढून पाहिलं. किल्ली गळ्यात अडकवली, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि खाटेवर बसले. मला वाटलं, हसावं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि राहू दिलं.

ट्रक आला. मेव्हणा आणि दोन दांडगे उतरले. ट्रक चालवणारा वरच बसून राहिला. सगळीकडे रणरणतं ऊन आणि एक कावळा.

“दाजी, उठा.”

काका बसून राहिले.

“पाया पडू का? उठा ना.”

“नाही.”

मग मेव्हण्याच्या तोंडून ते निघालं. त्याने मुद्दाम म्हटलं असेल असं मला अजूनही वाटत नाही. “अहो, दार उघडा की!”

काकांचा तो भुवईतला व्रण लाल झाला. ते एवढंच म्हणाले, “सैन्य आलं का?”

पहिला घाव खाटेवर बसला. पहारीने. खाटेची कड वाकली. दुसरा घाव कुलूप धरलेल्या हातावर. बोटं मोडल्याचा आवाज सुकलेल्या काटक्यांसारखा असतो. मला तो ठाऊक नसता तर बरं झालं असतं. काकांनी तो हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने कुलूप धरलं. एकाने पाय धरून त्यांना ओढलं, तर खाट त्यांच्याबरोबर सरकली, साखळी ताणली, खांब राहिला. मग बूट. तोंडावर, बरगड्यांवर, पुन्हा तोंडावर. काकांनी एकदाही हात उगारला नाही. मला सणसणीत ठेवून देणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्यांचे दोन्ही हात कामात होते.

आणि मी? मी शौर्य केलं. चुन्याचं भरलेलं घमेलं उचललं आणि शत्रूवर फेकलं. वारा शत्रूच्या बाजूचा होता. अर्धा चुना माझ्याच तोंडावर आला, आणि एका दांडग्याने माझ्याकडे नीट न बघताच असं कोपर मारलं की मी चुन्याच्या खड्ड्यात बसलो, नाकातून रक्त, भुवया पांढऱ्या. तिथून मला काकू दिसल्या.

त्या धावत आल्या नाहीत. चालत आल्या. हातात आमचं चुना कालवायचं खोरं.

“हो बाजूला त्यांच्यापासून.”

“ताई, तू मध्ये पडू नकोस...”

खोरं त्याच्या गळ्याशेजारी बसलं. हाड मोडलं ते शर्टातून वर आलेलं दिसलं. तो गुडघ्यावर आला.

“पाठुंगळीला घेऊन फिरवलं तुला,” काकू म्हणाल्या, आणि दुसरा घाव नडगीवर. “माझ्या ताटातलं तुला वाढलं.” तिसरा. पहिल्या दांडग्याने त्यांना अडवायला हात पुढे केला, तो हातही परत घेताना वेगळ्या आकाराचा झाला होता. दुसरा पळाला. मेव्हणा रक्ताच्या थारोळ्यात आडवा पडून आईला हाक मारत होता. काकू म्हणाल्या, “आई असती तर तिने डोक्यातच घातलं असतं, मी धाकटा म्हणून सोडतेय.”

हे सगळं वरून पाहणाऱ्या चालकाने गाडी वळवायला घेतली. घाईघाईत. रिव्हर्समध्ये. तो आरशात बघत होता की नाही, ठाऊक नाही. मी त्याला दोष देणार नाही. ट्रक मागच्या मागे वेशीबाहेरच्या जुन्या खंदकात गेला. धूळ बसली तेव्हा क्रेनचा दांडा तेवढा वर राहिला होता, बुडणाऱ्याच्या हातासारखा. चालक फुटलेल्या काचेतून रांगत बाहेर आला, कपाळावरचं रक्त डोळ्यांत गेलेलं, आणि बाहेर येऊन त्याने पहिलं काम केलं ते काकूंना हात जोडण्याचं. त्या खंदकाने खऱ्या लढाईत काय केलं कुणास ठाऊक, पण त्या दिवशी त्याने आपली बाकी चुकती केली.

मग मी पुन्हा पोलिसांना फोन केला. म्हटलं, “झाली नाही.” आवाज म्हणाला, “मग कशाला फोन केलात?”

दवाखान्यात पुरुषांचा वॉर्ड एकच. एका खाटेवर काका, हाताला प्लास्टर, बरगड्यांना पट्टा, जबडा वरून खालून बांधलेला. पलीकडच्या खाटेवर मेव्हणा, तोही तसाच गुंडाळलेला. गाव दोघांनाही बघायला येत होतं, आणि एकाच पिशवीतली फळं दोघांना अर्धी-अर्धी वाटत होतं. काकू आल्या नाहीत. काकांनी खुणेनेच बजावलं होतं. त्या वेशीत खाटेवर बसल्या होत्या, खोऱ्यासकट.

मला आशा होती की आता गाव काहीतरी चांगलं बोलेल. निदान ते नाव तरी काढून घेईल. सभेत मागच्या रांगेतून बोललेला तो म्हातारा काठी टेकत आला, काकांच्या पायथ्याशी उभा राहिला, सगळी बँडेजं नीट पाहून घेतली. काका छताकडे बघत होते, पण मला दिसलं, त्यांनी श्वास धरला होता. बापाचा गुडघा, आईचं मनगट आणि स्वतःची भुवई, सगळंच त्या श्वासात अडकलं होतं.

“मार बराच खाल्ला,” म्हातारा म्हणाला. “पण मी म्हणतो, दार मोडूनच पडलं होतं. नसलेलं दार उघडलं नाही, यात मोठेपणा कसला?”

आणि मेव्हण्याच्या खाटेवरचं एक केळं सोलत निघून गेला.

काकांनी श्वास सोडला. त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर घमेलं फेकावंसं वाटत होतं, वारा नसता तर. पण खरं सांगायचं तर तोच प्रश्न माझ्याही पोटात होता. मला राहवलं नाही. मी वाकून म्हटलं, “काका, रागावू नका. दार तर मोडूनच पडलं होतं ना? मग तुम्ही हा एवढा मार खाल्लात तरी कशासाठी?”

काकांनी मान वळवली. बांधलेल्या जबड्यातून शब्द काढायला त्यांना वेळ लागला, पण निघाले ते धड निघाले.

“मोडलं तुम्ही, मी उघडलं नाही.”